कार्बोरेटर ‘ओव्हर’ का होतो? पद्मिनीतील एका सुईचा इतिहास

#थ्रेड

१/
चारकोपच्या सेक्टरांतील सोसायट्यांच्या मधल्या चौकात आजही एखादी जुनी पद्मिनी कापडाखाली झाकलेली दिसते. आमच्या शेजारच्या चौकात अशीच एक आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी ती सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, बॅटरी ठणठणीत होती, पण चौकभर पेट्रोलचा वास पसरला होता. ‘ओव्हर झाली आहे,’ एवढेच तिचे मालक म्हणाले, आणि किल्ली काढून शांतपणे ओट्यावर बसले. मुंबईच्या दोन पिढ्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. तिसऱ्या पिढीला तो सांगावा लागतो, म्हणून हा थ्रेड.

२/
प्रथम यंत्र. पेट्रोल द्रवरूपात जळण्यास नालायक असते. त्याचे बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात आणि तेही ठराविक प्रमाणात: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. थंड इंजिनाला मिश्रण याहून बरेच दाट लागते. मात्र ते एका मर्यादेपलीकडे दाट झाले की ठिणगी पडूनही पेटत नाही. टाकीत पेट्रोल नसले तर गाडी थांबते हे सर्वांना कळते. पेट्रोल फार झाले म्हणूनही ती थांबते, हे मात्र नव्या माणसाला पटत नाही.

३/
हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरचे, आणि त्याचा प्राण म्हणजे एक छोटी वाटी. तिच्यात पेट्रोलची पातळी ठराविक उंचीवर राहिली पाहिजे. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जो फुगा असतो तोच येथे आहे. पातळी वाढली की पितळी फ्लोट वर उचलला जातो आणि एक टोकदार सुई येणाऱ्या पेट्रोलचे भोक बंद करते. पातळी उतरली की सुई खाली येते आणि भोक उघडते. टाकीचा फुगा बिघडला की मजल्यावरून पाण्याची धार लागते. कार्बोरेटरची सुई बिघडली की पेट्रोलची धार लागते, तीही तापलेल्या इंजिनावर.

४/
कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंटच्या गाडीत असा फ्लोट व फवारा नव्हता. तेथे हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून नेऊन ते वाफेच्या रूपात उचलले जाई. फ्लोट आणि बारीक नळीतून फवारा ही जोडी १८९३ मध्ये आली. त्या एकाच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी ती स्वतंत्रपणे साधली. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच कल्पनेवर चालल्या. पद्मिनीवर बसणारा सोलेक्स कार्बोरेटर मूळ फ्रेंच घराण्याचा. गुदार आणि मेनेसों या दोघांनी त्याचा धंदा उभा केला.

५/
आता मुंबई. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. गाडी येथे जोडली जाई, बनत नसे. संपूर्ण गाडी भारतात बनावी ही योजना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली आणि तिच्यामागे उभे राहिले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. सिंधिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना आणि मोटारगाडी ही तीनही कामे एका माणसाच्या डोक्यात एकदम चालू होती, ही गोष्ट आजही आश्चर्याची वाटते. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या निघाल्या. त्या क्रायस्लरच्या घराण्यातल्या.

६/
स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९५३ च्या टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा उरली नाही. जे टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवतील तेच राहतील, असे ठरले. जनरल मोटर्सने शिवडीतला कारभार आवरला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला होता, आणि १९५४ पासून कुर्ल्याहून फियाट ११०० येऊ लागली. गोल पाठीच्या त्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. ‘सुपर सिलेक्ट’, मग ‘डिलाइट’ अशी नावे बदलत १९७४ मध्ये ती ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचेच राहिले. गिअरची दांडीही कित्येक वर्षे स्टिअरिंगलाच होती.

७/
योगायोग असा की त्याच १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तराफ्याने मुंबईपासून दूर समुद्रात, बॉम्बे हाय येथे, तेल शोधले. हा योगायोग लक्षात ठेवा. त्या समुद्रातून पुढे असे काही वर येणार होते की ज्याने पद्मिनीच्या टॅक्सीतील पेट्रोलच बंद पाडले.

८/
परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून हाती आलेली गाडी टाकून देण्याची वस्तू नव्हती, आणि तिचा कोणताही भाग टाकून देण्याचा नव्हता. कार्बोरेटर ‘ओव्हर’ होण्याचा खरा सामाजिक इतिहास येथे आहे. नव्या सुईऐवजी जुनी सुई घासून बसवली जाई. फुटलेल्या पितळी फ्लोटला डाख दिला जाई. आणि येथेच एक गंमत होती.

९/
फ्लोटला बारीक चीर गेली की पेट्रोल आत शिरते, तो जड होतो, बुडतो, सुई बंद होतच नाही. मेकॅनिक तो कानाशी हलवून पाहत. आत खळखळ ऐकू आली की निदान झाले. आवाज आला नाही तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून निघतात ते पाहत. मग आतले पेट्रोल पूर्ण काढून, फ्लोट वाळवून, चिरेवर डाख. (पेट्रोल आत असताना डाख देऊ गेलेल्यांच्या भुवया जळाल्याच्या कथा प्रत्येक गॅरेजमध्ये असत, आणि त्या नेहमी दुसऱ्याच गॅरेजमधल्या असत.) परंतु डाखाचा थेंब जाड पडला तर फ्लोटचे वजन वाढे, तो आधीपेक्षा खोल तरंगे, म्हणजे सुई उशिरा बंद होई आणि पेट्रोलची पातळी वर जाई. दुरुस्तीनेच तोच दोष परत येई. चांगला मिस्त्री म्हणून डाख लावून झाल्यावर कानसने तो खरवडून काढत असे.

१०/
पातळी ठरवण्याचा दुसरा मार्ग सुईच्या बैठकीखालच्या वॉशरचा. वॉशर जाड असला की बैठक खाली उतरते, सुई लवकर बंद होते, पातळी कमी राहते. पातळ असला तर उलट. गाडी उघडताना पडलेला हा वॉशर हरवला आणि हाताला येईल तो बसवला, म्हणजे महिनाभराची डोकेदुखी विकत घेतली. मला स्वतःला असे वाटते की त्या काळातल्या ‘ही गाडी पेट्रोल फार पिते’ या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी या एका तांब्याच्या वॉशरच्या होत्या. पुरावा मागू नका.

११/
आणि कचरा. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे मुंबईतल्या रस्त्यांवरचे सर्वांत वारंवार ऐकू आलेले तांत्रिक विधान असावे. टाकीतला गंज, नळीच्या रबराचा कण, पिंपातून आलेली धूळ, यांपैकी काहीही सुई आणि बैठक यांच्यात अडकले की भोक पूर्ण मिटत नाही. म्हणूनच वाटीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करण्याचा रिवाज होता. तो मंत्रतंत्र नव्हता. अडकलेली सुई सुटे किंवा कण वाहून जाई. मात्र जोराने ठोकले तर जस्ताच्या मिश्रधातूचे ते अंग तडकते.

१२/
पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. टाकीत शिरलेले पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने वाटीच्या तळाशी बसते आणि जस्ताच्या अंगावर पांढरी भुकटी आणते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जेथे गाड्याच पाण्यात गेल्या तेथे पुढे कित्येक महिने कार्बोरेटर उघडले की हीच भुकटी निघे.

१३/
याच्या नेमकी उलट गोष्ट घराघरांतील स्कूटरची. सकाळी बाबा स्कूटर एका अंगावर तिरकी करत, क्षणभर धरत, मग किक मारत. त्यात वाटीतली पातळी फवाऱ्याच्या तोंडाशी आणून मुद्दाम मिश्रण दाट करणे होते, म्हणजे थोडीशी ‘ओव्हर’ करणेच. थंड इंजिनाला ते हवे असते. दोनदा तिरकी केली की मात्र प्लग ओला, आणि शाळेची घंटा चुकली.

१४/
आता त्या सकाळच्या चौकात परत जाऊ. मालक किल्ली काढून का बसले? कारण ‘ओव्हर’ झालेल्या गाडीवर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे ही सर्वांत वाईट गोष्ट. प्रत्येक फेऱ्याला आणखी पेट्रोल सिलिंडरमध्ये जाते, भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची कांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा आला तर ऑइल बदलल्याशिवाय ती गाडी चालवू नये. आणि पेट्रोल बाहेर सांडले असेल तर एक ठिणगी पुरते. बॉनेट उघडायचे, विडी-सिगरेट दूर, वाळूची बादली किंवा अग्निशामक जवळ, आणि वाफ उडू द्यायची.

१५/
दहा-पंधरा मिनिटांनी चोक पूर्ण आत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरायचा आणि मग स्टार्टर. हवेची वाट पूर्ण उघडी झाल्याने जास्तीचे पेट्रोल निघून जाते. पाय वरखाली करायचा नाही. प्रत्येक दाबाला कार्बोरेटरमधील छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो, म्हणजे आगीत तेल. एवढ्याने न भागल्यास प्लग काढायचे. ओले असतील तर पुसून वाळवायचे. कोरड्या काजळीने काळे असतील तर दोष आजचा नाही, मिश्रण कित्येक दिवस दाट चालले आहे.

१६/
गाडी थंड असताना नीट चालते, आणि मे महिन्यात लिंक रोडच्या गर्दीतून येऊन दहा मिनिटे थांबली की सुरू होत नाही, असे असेल तर सुईला दोष देऊ नका. इंजिनाच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून घशात उतरते. तेथे कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा पाहावा. तो कोणीतरी दुरुस्तीत काढून टाकलेला असतो, ‘उगाच आहे’ म्हणून.

१७/
यातली एक गोष्ट मात्र आठवणीतल्या गोडव्याने झाकू नये. मेकॅनिक नळी तोंडात धरून पेट्रोल ओढत, जेट ओठांनी फुंकत. ते पेट्रोल शिशाचे होते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शोधलेले टेट्राएथिल लेड त्यात असे. इंजिनाचा ठोका कमी व्हावा म्हणून. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० च्या फेब्रुवारीत ते देशभर झाले. तोवर कुर्ला, लालबाग, ऑपेरा हाउसच्या गॅरेजांत किती पोरे ‘छोटू’ म्हणून कामाला लागली आणि हे शिसे गिळत मोठी झाली, याची नोंद कोणी ठेवली नाही. सुईचा दोष ओळखणारे कान त्यांचेच होते.

१८/
धूर हा दुसरा हिशेब. सुई गळत असली तरी गाडी पुष्कळदा चालतच राहते, फक्त अर्धवट जळालेले मिश्रण बाहेर फेकते. हजारो टॅक्सींचे असे झाले की त्याला मुंबईची हवा म्हणतात. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली, आणि जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास भाग पाडण्यात आले. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झालीच होती. बॉम्बे हायचा वायू उरणमार्गे शहरात आला आणि पद्मिनीच्या डिकीत नळकांडे बसले.

१९/
यात कार्बोरेटर गेला नाही, तो विसरला गेला. सीएनजी टॅक्सीत पेट्रोल केवळ गॅस संपला तर. वाटीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच सुकत राही आणि तळाशी चिकट राळ उरे. सुई जागच्या जागी चिकटे, बहुधा उघडीच. मग एखाद्या रात्री पंपावर गॅस नाही म्हणून चालकाने पेट्रोलचे बटण दाबले की रस्त्याच्या मधोमध गाडी ‘ओव्हर’. दिवसाचे भाडे तेथेच संपले.

२०/
नव्या गाड्यांत एप्रिल २००० पासूनच्या उत्सर्जन नियमांनी कार्बोरेटरचा अंत केला. संगणक मोजून इंधन फवारू लागला. ऑक्टोबर २००४ पासूनच्या पीयूसी नियमांतही हा फरक उघड दिसतो. जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, भारत स्टेज-२ च्या गाड्यांना ०.५ टक्के. दुचाकींवर कार्बोरेटर २०२० पर्यंत तग धरून होता. टॅक्सी म्हणून पद्मिनीचे आयुष्य वीस वर्षांच्या मर्यादेने संपले: शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव कार्यालयात नोंदली गेली होती, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

२१/
खासगी पद्मिनी उरल्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, कर, पुनर्नोंदणी. चारकोपला हे सोयीचे आहे, कारण एमएच-४७ मालिकेचे परिवहन कार्यालय याच वस्तीत आहे. ही वस्तीही मजेशीर: १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे बांधलेली घरे दिली नाहीत. आखलेला छोटा भूखंड, पाणी, गटार दिले. घर ज्याचे त्याने जमेल तसे, पैसे येतील तसे बांधायचे. तीसपस्तीस कुटुंबांमागे एक मोकळा चौक. आज त्या चौकांत पाऊल ठेवायला जागा नाही, गाड्याच गाड्या. अशा चौकात पेट्रोल गळणारी गाडी हा एका मालकाचा प्रश्न राहत नाही. तिच्या बॉनेटपासून दोन हातांवर कोणाचे तरी स्वयंपाकघर असते.

२२/
आणि आता इथेनॉल. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीत वर्षानुवर्षे बसलेली राळ सोडवून पुढे ढकलते, आणि जुन्या जातीचे रबर फुगवून मऊ करते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे केंद्र सरकारच्या खुलाशातही आले. म्हणजे सुईखाली येणारा ‘कचरा’ आता इंधनच तयार करते. यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे. रावळगाव आणि वालचंदनगर येथे १९३० च्या दशकात साखर कारखाने काढणारा माणूस आणि कुर्ल्याला मोटार कारखाना काढणारा माणूस एकच होता, हे आठवले की जरा थांबायला होते.

२३/
त्या सकाळी वाटीचे झाकण उघडले. फ्लोट हलवला, आवाज नाही. झाकण उलटे धरले, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, आणि इंधनाच्या तोंडाला स्वच्छ कोरडी नळी लावून फुंकले. हवा सुटत होती. सुईच्या टोकाला काळे, मऊ कण चिकटले होते. रबर. टाकीपासून पंपापर्यंतची नळी बाहेरून धडधाकट दिसत होती, वाकवली तर आतून शेवाळासारखी सुटत होती.

२४/
म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. आधी सर्व रबरी नळ्या बदला, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. मग टाकी धुवा. मग पंपापूर्वी गाळणी बसवा. कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी उघडा, आणि बैठकीखालचा वॉशर काढल्याबरोबर काड्यापेटीत ठेवा. उलट क्रमाने केले तर आठवड्याभरात तोच कण त्याच सुईखाली सापडतो. आमच्या चौकात तसे दोनदा झाले.